ब्रिटनचा कृष्णधवल शनिवार

ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या पहिल्या तीन दशकांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहते. लाखो कुटुंबांनी एकाच घटकेला जे पाहिले, त्याचा प्रत्यक्ष पुरावा त्याच्या हाती फार थोडा लागतो. छापील कार्यक्रमपत्रिका, कार्यालयीन टिपणे आणि प्रेक्षकांच्या आठवणी उपलब्ध आहेत. मूळ कार्यक्रम मात्र बहुतांशी नष्ट झाले आहेत. कौटुंबिक करमणुकीचा वार म्हणून रूढ झालेल्या शनिवारच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते.

बीबीसीचे नियमित दूरचित्रवाणी प्रक्षेपण २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरू झाले. महायुद्धाच्या काळात बंद पडलेले हे प्रक्षेपण जून १९४६ मध्ये पुन्हा चालू झाले आणि सप्टेंबर १९५५ मध्ये जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही त्याच्या स्पर्धेत उतरली. प्रक्षेपणाच्या वेळांवर सरकारचे नियंत्रण होते. मुलांना वेळेवर झोपवता यावे म्हणून संध्याकाळी सहा ते सात हा तास कोराच ठेवला जाई. ही प्रथा फेब्रुवारी १९५७ मध्ये संपली आणि १६ तारखेच्या शनिवारी बीबीसीने त्याच मोकळ्या तासात ‘सिक्स-फाइव्ह स्पेशल’ हा तरुणांसाठीचा संगीताचा कार्यक्रम सुरू केला. मुलांच्या निजण्याची वेळ अशा रीतीने तरुणांच्या गाण्याची वेळ झाली.

पुढील काही वर्षांत शनिवारला एक ठरीव क्रम आला. दुपारी ‘ग्रँडस्टँड’ हा ऑक्टोबर १९५८ मध्ये सुरू झालेला क्रीडाकार्यक्रम असे. त्यात घोड्यांच्या शर्यती आणि रग्बी दिसे. देशाचा लाडका फुटबॉल मात्र मुख्यतः निकालांच्या रूपाने येई. टेलिप्रिंटर अक्षरामागून अक्षर उमटवीत जाई आणि घरोघरी माणसे पैजेचे कुपन हाती धरून आकडे ताडून पाहत. त्यानंतर नव्या गाण्यांचा बरावाईट निवाडा करणारी ‘ज्यूक बॉक्स ज्युरी’ आणि साध्यासरळ पोलीस हवालदाराची ‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’ ही मालिका हे नित्याचे कार्यक्रम होते. संचातील झडपा तापून चित्र उमटेपर्यंत थांबावे लागे. रात्री राष्ट्रगीत होऊन प्रक्षेपण संपे आणि संच बंद केल्यावर पडद्याच्या मध्यभागी एक पांढरा ठिपका आक्रसत नाहीसा होई. पाहिलेले पुन्हा पाहण्याचे कोणतेही साधन सामान्य घरात नव्हते. प्रेक्षकांच्या एकाग्रतेला आणि संध्याकाळच्या वक्तशीरपणाला हेही एक कारण होते.

२३ नोव्हेंबर १९६३ चा शनिवार या क्रमाची परीक्षा पाहणारा ठरला. आदल्या संध्याकाळी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येची बातमी ब्रिटनमध्ये पोहोचली होती. ती सांगून झाल्यावरही बीबीसीने ठरलेला विनोदी कार्यक्रम दाखवला, म्हणून प्रेक्षक संतापले होते. शनिवारी रात्री राजकारण्यांची टर उडवणाऱ्या ‘दॅट वॉज द वीक दॅट वॉज’ या कार्यक्रमाने आपला उपहास बाजूला ठेवून केवळ श्रद्धांजली वाहिली. या दोहोंच्या दरम्यान, सव्वापाचच्या सुमारास, ठरल्या वेळेहून सुमारे ८० सेकंद उशिरा एक नवी मालिका सुरू झाली. तिचे नाव ‘डॉक्टर हू’. क्रीडाकार्यक्रम आणि ‘ज्यूक बॉक्स ज्युरी’ यांच्यामधली जागा भरून काढणे, एवढाच तिचा मूळ हेतू होता. देश शोकात होता, अनेक ठिकाणी वीजही गेली होती. म्हणून ३० नोव्हेंबरला दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवण्यात आला.

या पहिल्या भागाचे दिग्दर्शक वारिस हुसेन १९३८ मध्ये लखनौला जन्मले होते. ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ या १९६१ च्या कादंबरीच्या लेखिका अतिया हुसेन या त्यांच्या मातोश्री. निर्मातीपद सत्तावीस वर्षांच्या व्हेरिटी लॅम्बर्ट यांच्याकडे होते. ब्रिटिश कुटुंबाच्या शनिवारला ज्यांनी नवे वळण दिले, त्यांत लखनौचा तरुण आणि पुरुषप्रधान कचेरीतली एक तरुण स्त्री असावी, ही गोष्ट त्या काळात सहज घडणारी नव्हती.

कारण तो शनिवार सर्वांचा नव्हता. गोरे गायक तोंडाला काळा रंग फासून गात, असा ‘द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ शनिवारच्या रात्री अतिशय लोकप्रिय होता. वंशभेदविरोधी संघटनेने १९६७ मध्ये तो बंद करण्याची मागणी केली. तरीही तो १९७८ पर्यंत चालला. भारत-पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांसाठी बीबीसीने ऑक्टोबर १९६५ मध्ये हिंदुस्तानी भाषेतले कार्यक्रम सुरू केले, पण त्यांच्या वाट्याला रविवारची सकाळ आली. घराच्या दिवाणखान्यातही कोणाला कोणती वेळ मिळावी, यात समाजाची उतरंड दिसत होती.

१५ नोव्हेंबर १९६९ रोजी बीबीसी वन आणि आयटीव्हीवर रंग आले; तो दिवसही शनिवारच होता. जुन्या कार्यक्रमांची किंमत त्यानंतर झपाट्याने उतरली. चित्रफिती महाग होत्या, पुन्हा वापरता येत होत्या आणि कलावंतांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. त्यामुळे शेकडो कार्यक्रम पुसून टाकण्यात आले. ‘डिक्सन’चे बहुतेक भाग गेले, ‘ज्यूक बॉक्स ज्युरी’ जवळजवळ संपूर्ण गेली. परदेशी विकलेल्या फिल्म-प्रतींमुळे काही वाचले. ‘डॉक्टर हू’चे हरवलेले नऊ भाग नायजेरियात सापडल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले.

उरलेल्या हरवलेल्या भागांचे चित्र नाही, पण आवाज आहे. साठच्या दशकात काही मुलांनी संचाजवळ टेपरेकॉर्डर ठेवून ते ध्वनिमुद्रित केले होते. संस्थेने जे टाकून दिले ते तिच्या लहान प्रेक्षकांनी जपले. आज अभ्यासकाला त्या शनिवारांपैकी कित्येक डोळे मिटूनच अनुभवावे लागतात.