न विसरणारे लोहचुंबक



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकाच्या इतिहासावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने आम्ही येथे उभे नाही. पण हा विषय आमच्याकडे चालत आला, आणि तोही आपल्याच मिरचीच्या पथारीवरून.

काही वर्षांपूर्वी एका पथारीवर देठ खुडणाऱ्या बायांच्या मापाची नोंद वहीऐवजी संगणकावर होऊ लागली. एके दिवशी दुपारी वीज गेली आणि सकाळपासूनची सारी नोंद नाहीशी झाली. कारकून म्हणाला, "यंत्रात काही नाही, तर पैसे कशाचे मागता?" तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने कनवटीची पुरचुंडी सोडली. एका टोपलीला एक चिंचोका, असा तिचा हिशेब होता. तिचे पाहून इतर बायांनीही आपापले चिंचोके पुढे केले. चार दिवस वाद चालला, आणि अखेर चिंचोक्यांवरच मजुरी चुकती झाली. त्या रात्री आमच्या मनात प्रश्न आला. चिंचोक्याला वीज लागत नाही. मग एवढे महागाचे यंत्र वीज जाताच का विसरते?

उत्तर शोधता शोधता कळले की यंत्र पूर्वी विसरत नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी एक संगणक स्वतः बांधला. त्याचे लहान प्रायोगिक यंत्र १९५६ साली चालू झाले, आणि पुरे यंत्र १९६० साली. पुढे त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. १८ फूट लांब आणि ८ फूट उंच असे ते पोलादी कपाट होते. आत २,७०० निर्वात नळ्या होत्या. पण त्याची आठवण होती फेराइटच्या बारीक कड्यांत. फेराइट म्हणजे लोखंडाच्या गंजासारखे द्रव्य भाजून केलेला, चिनी मातीसारखा कडक चुंबकीय पदार्थ. असे कडे उजवीकडून चुंबकित केले तर 'एक', डावीकडून केले तर 'शून्य'. म्हणजे चिंचोका आहे की नाही, एवढेच. कडी उभ्या-आडव्या तारांत ओवलेली असत. दोन तारांतून अर्धा-अर्धा प्रवाह सोडला की जेथे त्या एकमेकींना छेदतात तेवढेच कडे उलटते. टिफ्रॅकमध्ये ४० अंकांचे २,०४८ शब्द मावत. गुणाकार करून पाहा, ८१,९२० कडी भरतात! वीज गेली तरी कडे आहे त्याच स्थितीत राही. परदेशांतील कारखान्यांत ही ओवणी पुष्कळदा स्त्रियांच्या हातांनी, सूक्ष्मदर्शकाखाली होत असे. यंत्राची आठवणदेखील कोणाच्या तरी बोटांनी ओवलेली होती, हे आमच्या पथारीवरल्या बायांना सांगितले तेव्हा त्या खूष झाल्या.

१९७० नंतर सिलिकॉनच्या चकतीवरील स्मृती आली. ती स्वस्त आणि चपळ; परंतु तिच्यात विजेचा भार गळक्या घागरीतल्या पाण्यासारखा राहतो. सेकंदात अनेक वेळा ती घागर पुन्हा भरावी लागते. वीज थांबली की घागर रिकामी. आमच्या पथारीवर झाले ते हेच.

मग लोहचुंबक कायमचा बाद झाला काय? नाही. तो आकाराने लहान होत होत परत आला. १९२२ साली जर्मनीत स्टर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत चुंबकातून सोडला, तो नेमका दोन भागांत फुटला. १९२५ साली ऊलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी सांगितले की प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्वतःची एक 'फिरकी' असते. तो खरोखर भोवऱ्यासारखा फिरतो असे नव्हे. पण जणू त्याच्यापाशी एक इवलीशी चुंबकसुई असते, आणि मोजू गेले की ती वर किंवा खाली, दोनच दिशा दाखविते. १९८८ साली फ्रान्समध्ये आल्बेर फेर्त आणि जर्मनीत पीटर ग्रुनबर्ग यांना आढळले की मध्ये पातळ अचुंबकीय थर ठेवून दोन चुंबकीय थर एकाच दिशेने वळविले तर वीज सहज जाते, उलट दिशांना वळविले तर अडते. या थरांची जाडी काही अणूंएवढीच. या शोधाला २००७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधीच १९९७ पासून तो संगणकाच्या तबकड्या वाचू लागला होता.

अडलेली आणि न अडलेली वीज म्हणजे पुन्हा शून्य आणि एकच. यातून चुंबकीय स्मृती घडली, आणि २००६ साली तिच्या चकत्या बाजारात आल्या. फिरकी एका दिशेला लावलेल्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह स्वतःच चुंबकाला वळवू शकतो, हे सिद्धान्ताने १९९६ साली मांडले गेले होते. २००५ साली अश्विन तुळापूरकर आणि त्यांच्या जपानमधील सहकाऱ्यांनी दाखविले की अशा चुंबकीय जोडीतून वेगाने उलटसुलट होणारा प्रवाह सोडला तर तीतून एकाच दिशेचा विद्युतदाब मिळतो. तुळापूरकर पुढे पवईच्या आयआयटीत याच विषयावर काम करू लागले. टिफ्रॅकच्या मुंबईतच हा धागा पुन्हा ओवला गेला.

आणखी एक प्रयोग आम्हा संघटनावाल्यांना विशेष भावला. २००६ साली अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात अतिसूक्ष्म चुंबकांकडून तर्क करवून घेतला गेला. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अशा मापाने मोजावे लागणारे ते चुंबक. तीन शेजारी चुंबक मधल्या चुंबकावर आपापला जोर लावतात, आणि ज्या बाजूला दोघे असतील तिकडे तो वळतो. म्हणजे बहुमत! यातली गंमत पुढे आहे. तिघांपैकी एकाचे मत आधीच 'नाही' असे बांधून टाकले, तर उरलेले दोघेही 'हो' म्हणतील तेव्हाच निकाल 'हो'. तेच मत 'हो' असे बांधले, तर दोघांपैकी एकाचा होकारही पुरतो. निकाल बहुमताचाच; पण तिसरे मत कोणी बांधले, यावर सारे अवलंबून. सभांतून आयुष्य घालविलेल्या माणसाला हे नव्याने शिकवावे लागत नाही.

येथे आमच्या चळवळीचा इतिहासही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाने संगणक आणावयाचे ठरविले तेव्हा विमा कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला. कलकत्त्यात तर इलॅको हाऊसपुढे त्यांनी पहारा दिला. भाकरी जाण्याची ती भीती खोटी नव्हती. सरकारने १९६९ साली स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली, अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर तिचे अध्यक्ष होते. १९७२ साली तिचा अहवाल आला. यंत्र आलेच. तेव्हाच्या कार्यकर्त्यांना आम्ही दोष देत नाही. पण यंत्र येणार की नाही याइतकाच, यंत्राची आठवण कोणाच्या ताब्यात राहणार, हाही प्रश्न तेव्हापासून विचारावयास हवा होता.

आपल्या जिल्ह्याला तो प्रश्न टाळता येणार नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक याच जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले. बारा अंकी क्रमांकाने माणसाला ओळखण्याची सुरुवात आपल्या अंगणातून झाली. कष्टाने बोटे झिजलेल्या मजुराचा अंगठा यंत्र ओळखत नाही, आणि रांगेतला माणूस रिकाम्या हाताने परततो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. उद्या स्मृती विजेवाचून टिकणारी झाली, तरी तिच्यात चुकीचे लिहिले गेले तर ती चूकही तितकीच टिकेल.

म्हणून आम्ही आता मजूर बायांना दोन गोष्टी सांगतो. यंत्राला भिऊ नका. त्याच्या पोटात चिंचोकेच आहेत, फार बारीक एवढेच. आणि यंत्रात नोंद झाली की तिची एक प्रत कागदावर मागून घ्या. ती मिळेपर्यंत आपली पुरचुंडी सोडू नका.