शिवणाचा कोपरा

जुन्या वाड्यांच्या वर्णनांत देवघर असते, कोठीची खोली असते, बाळंतिणीची अंधारी खोलीही असते. शिवणाची खोली मात्र आढळत नाही. याचे एक कारण वेशभूषेत आहे. लुगडे, धोतर, उपरणे, पागोटे ही सारी वस्त्रे मागावरून उतरली की अंगावर चढत. बाराबंदी किंवा अंगरखा शिवायचा तर शिंपी होता. घरच्या बायकांच्या वाट्याला चोळ्या, झबली, टोपडी, कुंच्या, फाटक्याला ठिगळ आणि गोधड्या एवढे काम उरे. ते दुपारच्या जेवणानंतर, जिथे उजेड असेल तिथे बसून व्हायचे आणि दिवेलागणीला गुंडाळून ठेवले जायचे. कामाला वेळ होती, जागा नव्हती.

यांतील गोधडीचे प्रकरण वेगळे, कारण तिला जागा लागतेच. माणूस निजेल एवढी सपाट भुई मिळाल्यावाचून थर नीट बसत नाहीत. म्हणून माजघर किंवा सोपा झाडून, सारवण वाळल्यावर, खाली जुने लुगडे ताणून पसरायचे. मध्ये विरलेल्या कापडांचे तुकडे, वर दुसरे लुगडे. चारी कोपऱ्यांवर जड वस्तू ठेवून लांब टाके घालायचे आणि मग धावदोरा. दोघी-तिघी कडेला बसत, जावा-नणंदांची बोलणी टाक्यांबरोबर पुढे सरकत. पावसाळ्यापूर्वी हे काम उरकण्याची घाई असे, कारण ओल धरलेल्या भुईवर कापड पसरता येत नाही. पुरुषमंडळींची पंगत बसायची झाली की अर्धी शिवलेली वाकळ वळकटी करून कोनाड्यात जाई. घरातील जागेवर पहिला हक्क कोणाचा, हे या वळकटीइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

जागेची ही अडचण एका समाजाने शिवण्याच्या पद्धतीतच सोडवली आहे. गोव्यात पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांपैकी अनेकांनी घाट चढून सुटका करून घेतली. त्यांचे वंशज, म्हणजे सिद्दी, आज हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहतात. त्यांच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. एका कोपऱ्यापासून आरंभ करून त्या कडेकडेने तुकडे जोडत, टाके घालत, फेऱ्याफेऱ्याने आत सरकतात आणि मध्यावर येऊन थांबतात. जोडणे आणि शिवणे एकाच वेळी होत असल्याने एकटी बाई पडवीत बसून, हाताच्या टप्प्यात येईल तेवढाच भाग पुढ्यात ओढून काम करू शकते. चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी चिंध्यांची ‘फुले’ बसवली नाहीत, तर ती कवंदी उघडीनागडी मानली जाते. बेळगाव आणि गोवा यांच्या मधल्या रानात ही कला इतकी वर्षे नांदत असताना आपल्या अभ्यासकांचे तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही, हे नवलच.

मग यंत्र आले. अमेरिकेत एलियास हाऊला 1846 मध्ये आणि आयझॅक सिंगरला 1851 मध्ये पेटंट मिळाले; 1856 पासून सिंगर कंपनीने हप्त्यांनी विक्री सुरू केली. त्याच शतकाच्या अखेरीस ही यंत्रे आपल्याकडच्या शिंप्यांच्या पेढ्यांवर आणि काही सुखवस्तू घरांत पोहोचली. घरासाठी प्रथम सोयीचे ठरले ते हातमशीन. ते पाटावर ठेवून मांडी घालून चालवता येई. काम संपले की वर लाकडी झाकण घालायचे आणि फळीवर ठेवायचे. म्हणजे जुनीच रीत यंत्रासह चालू राहिली. पण उजवा हात चाक फिरवण्यात अडकला की कापड सावरायला एकटा डावा उरतो. पायमशीनने दोन्ही हात मोकळे केले आणि त्याचबरोबर शिवणारीला भुईवरून उठवून स्टुलावर बसवले. ओतीव लोखंडाचा तो जड सांगाडा रोज हलवता येण्याजोगा नव्हता. एकदा ठेवला की ठेवला. घरातील एक कोपरा बाईच्या कामासाठी कायमचा अडला, आणि तोही कोणी तसे ठरवल्यावाचून!

कोपरा कोणता, हेही यंत्रानेच सांगितले. सुई डावीकडच्या टोकाला असते, तेव्हा खिडकी डाव्या अंगाला हवी. उजवीकडून प्रकाश आला तर यंत्राची सावली टाक्यावर पडते. शिवलेले कापड सुईपलीकडे आणि डावीकडे साचते, तिथे त्याचा भार पेलणारी फळी नसेल तर कापड लोंबून ओढले जाते आणि टाका वाकडा पडतो. स्टूल उंच असेल तर पाठ वाकते, ठेंगणे असेल तर खांदे भरून येतात. हे शहाणपण शिवणाच्या वर्गांतून पसरले. पुण्यात 1909 मध्ये स्थापन झालेल्या सेवासदनात आणि वडोदऱ्यात महाराणी चिमणाबाईंच्या नावाने निघालेल्या स्त्री उद्योगालयात शिवण हा पोट भरण्याचा मार्ग म्हणून शिकवला गेला. विधवेला किंवा परित्यक्तेला त्या कोपऱ्याची किंमत निराळीच होती. 1930 नंतरच्या दशकात ‘उषा’ हे देशी यंत्र निघाल्यावर तो कोपरा मध्यमवर्गाच्याही आवाक्यात येऊ लागला.

यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी 1924 मधील एका संवादात शिवणयंत्राला अपवाद केले होते. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरने ते घडवले, अशी त्यांची समजूत होती. अनेक घरोबे करणाऱ्या सिंगरचे चरित्र या समजुतीला मुळीच दुजोरा देत नाही. शिवण करणाऱ्या पत्नीची कथा एरवी हाऊविषयी सांगितली जाते. पण अपवाद योग्य वस्तूचा केला गेला, एवढे खरे.

गोधडी मात्र यंत्राला पुरती वश झाली नाही. सुई आणि यंत्राचा खांब यांच्यामध्ये जेमतेम वीतभर अंतर असते. त्यातून जाड गोधडीची गुंडाळी सरकवायची म्हणजे दोन माणसे हवीत. शिवाय खालचा थर पुढे सरकतो, वरचा मागे राहतो, आणि चुण्या पडतात. म्हणून कडा यंत्रावर आणि मधले टाके हाताने, अशी तडजोड अनेक घरांत रुळली. सदनिकांत माजघर उरले नाही, तेव्हा कापणे जेवणाच्या टेबलावर, टाचणे दिवाणावर आणि धावदोरा गच्चीवर, ऊन उतरल्यावर, असा क्रम लागला. पायमशीनची जागा विजेवरच्या, कपाटात मावणाऱ्या यंत्राने घेतली आणि खिडकीजवळचा तो अडलेला कोपरा मोकळा झाला. तिथे आता बहुधा दूरदर्शन संच असतो. लोखंडी सांगाडे भंगारात गेले, काही उपाहारगृहांत टेबलांचे पाय झाले. खालची पावटी हलती ठेवलेली असेल तर गिऱ्हाइकाचा पाय नकळत ती दाबत राहतो.