वसईचा दुभाषा

दिवाळीला महिनाभर अवकाश होता. एका संध्याकाळी माझी एक जुनी विद्यार्थिनी वही छातीशी धरून दारात उभी राहिली. शाळेत व्याकरणाच्या तासाला हटकून पेंगणारी ही पोर आता रुग्णसेवेचे शिक्षण पुरे करून वृद्धांच्या शुश्रूषेच्या कामासाठी जपानात जायला निघाली होती. कुशल कामगारांविषयी भारत आणि जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये करार झाला, तेव्हापासून अशा कामाची वाट आपल्या मुलामुलींना खुली झाली आहे. मात्र त्या वाटेवर भाषेच्या परीक्षेचा उंबरठा आहे.

"सर, मला नाही जमायचं हे," ती बसता बसता म्हणाली. "लिहायचं 'हा' आणि वाचायचं 'वा'! शिवाय पुस्तक इंग्रजीतलं. आधी इंग्रजी सोडवायचं, मग जपानी. मी नाव काढून घेते."

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरते. जपानीचा मला गंधही नव्हता. पण व्याकरणाचे पुस्तक उघडे दिसले की मास्तरच्या जातीला स्वस्थ बसवत नाही. मी म्हटले, "वही ठेव. आठ दिवसांनी ये. तोवर नाव काढू नकोस."

त्या आठ दिवसांत मला एक शेजारी भेटला. शेजारी म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचा! कोलशेतच्या खाडीचे पाणी घोडबंदरावरून पुढे वसईला समुद्रास मिळते. त्या वसईत १५५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. मुलगा कोवळ्या वयातच जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानात गेला आणि तिथल्या लोकांत राहून त्यांची भाषा अस्खलित बोलू लागला. पुढे त्याने व्यापार केला, मग मनिलास जाऊन फ्रान्सिस्कन संघाची दीक्षा घेतली. १५९३ साली त्या संघाचा पेद्रो बाप्तिस्ता हा धर्मगुरू मनिलाहून वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या भेटीस निघाला, तेव्हा दुभाषा म्हणून बरोबर गेला तो आमचा हा वसईकर.

वाचकांनी क्षणभर विचार करावा. समोर एका शब्दासरशी माणसांची मुंडकी उडवणारा पुरुष, आणि दोन्ही बाजूंचा सारा भार एकट्याच्या जिभेवर. हाती ना कोश, ना व्याकरण. जपानी भाषेचे पहिले मोठे छापील व्याकरण रॉद्रिगिश नावाच्या जेझुइटाने नागासाकीत १६०४ ते १६०८ च्या दरम्यान छापले. गोन्सालो तोवर हयात नव्हता. हिदेयोशीची मर्जी फिरली आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले, त्यांत तो होता. १८६२ साली पोपने त्या सर्वांना संतपद दिले. वसईजवळच्या गास गावी त्याच्या नावाचे चर्च आहे.

आणखी एक मौज पाहा. रॉद्रिगिशने जपानीचे व्याकरण रचले त्याच सुमारास, 'क्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात कोकणीचे व्याकरण सिद्ध करीत होते. ते त्यांच्या पश्चात १६४० साली रायतूरला छापले गेले. दोघांच्याही समोर नमुना होता लॅटिनचा. पाहुण्याचा अंगरखा घरच्या माणसाला चढवावा, तसा तो प्रकार. माझ्या विद्यार्थिनीची अडचण याहून निराळी नव्हती. जपानी तिला अडवीत नव्हती, इंग्रजी अंगरखा अडवीत होता.

आठव्या दिवशी ती आली. मी फळ्यावर लिहिले, 'वाताशि वा मिझु ओ नोमिमासु.' खाली लिहिले, 'मी पाणी पिते.' आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. इंग्रजीसारखी उलटापालट नाही. 'तोक्यो नि' म्हणजे तोक्योला. 'कोलशेत नो' म्हणजे कोलशेतचा. आपले प्रत्यय नि शब्दयोगी अव्यये जशी नामाच्या पाठीमागून येतात, तशीच तिथेही. प्रश्न करायचा तर शेवटी 'का' जोडायचा, 'नोमिमासु का?' म्हणजे 'पिता का?' हा निव्वळ योगायोग. दोन्ही भाषांचे नाते नाही. पण तिच्या चेहऱ्यावर हसू आले ते तिथेच.

"आणि सर, तो 'हा'?"

त्याचा उलगडा मोठा गोड आहे. जपानी मुळाक्षरांचा तक्ता आ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम बौद्ध भिक्षूंनी संस्कृतच्या अभ्यासातून बसविला, म्हणजे आपल्याच वर्णमालेचा. मग 'न' आणि 'म' यांच्यामध्ये 'ह' कसा? तिथे हवा 'प'! भाषापंडित सांगतात की प्राचीन जपानीत तो 'प'च होता. पुढे त्याचा 'फ'सारखा उच्चार झाला, मग 'ह'. शब्दाच्या पोटात मात्र तो 'व' बनला. १९४६ साली जपानने लेखनाचे नियम सुधारले, तेव्हाही या प्रत्ययाचा जुना पोशाख तसाच ठेवला. म्हणून लिहायचा 'हा', म्हणायचा 'वा'.

"पण 'प'चा 'व' होतो कसा?" तिने विचारले.

मी म्हटले, "दीपावलीची दिवाळी कशी झाली?"

ती बघतच राहिली. मग वहीत तिने पहिल्यांदा मराठीत टीप लिहिली.

माझी कल्पना अशी की गोन्सालोही असाच शिकला असावा, आईच्या बोलीचा हात धरून. पोर्तुगीज त्याच्या बापाची. पण क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटपर्यंत थांबण्याची सवय लावली असेल ती आईने.

त्यानंतर ती रोज येऊ लागली. अजून पुष्कळ शिकायचे आहे. चित्रलिपीचे शेकडो वर्ण तिची वाट पाहत आहेत, तिथे माझी मराठी कामाची नाही. पण नाव काढण्याची भाषा तिने सोडली आहे.

काल निघताना ती उंबऱ्याशी थांबली. आपल्याकडे 'जाते' म्हणत नाहीत. जपानी माणूसही घर सोडताना म्हणतो, 'इत्तेकिमासु', शब्दशः 'जाऊन येतो'. वसईचा तो दुभाषा जाऊन परत आला नाही. त्याची गोष्ट तिला ठाऊक आहे.

"इत्तेकिमासु, सर," ती म्हणाली.

मी म्हटले, "ये हो, जाऊन ये."