वळणावरील टकटक : समवेग सांध्याच्या इतिहासाचे एक साधन

यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा त्यांच्या जन्माची कथा सांगतात. त्यांच्या दुखण्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः दुखणे हेही इतिहासाचे एक साधनच होय, आणि पुष्कळदा त्याचा काळही निश्चित करता येतो. मोटार वळविताना पुढील चाकापाशी जी टकटक ऐकू येते, ती या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. ॲम्बॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी हाकणाऱ्या पिढीला हा आवाज ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. त्या गाड्या खडखडत नसत असे नव्हे. पण त्यांत पुढील चाके केवळ दिशा देत आणि गाडी ढकलण्याचे काम मागील चाकांकडे असे. एकाच चाकाने वळावेही आणि ओढावेही, ही अपेक्षा जेथे निर्माण झाली तेथेच या टकटकीचा उगम आहे.

वाकलेल्या स्थितीत फिरणारा सांधा जुना आहे. रॉबर्ट हुक याने 1676 मध्ये सूर्यनिरीक्षणाच्या उपकरणांवरील आपल्या पुस्तिकेत त्याचे वर्णन केले. त्यात एक जन्मजात दोष आहे. दोन दांड्यांमध्ये 30 अंशांचा कोन असेल आणि पहिला दांडा मिनिटाला 1000 फेरे या स्थिर गतीने फिरत असेल, तर दुसऱ्याची गती प्रत्येक फेऱ्यात दोन वेळा 866 पासून 1155 पर्यंत हेलकावे खाते. मागील चाकांच्या गाडीत कोन लहान असतो आणि दुसरा सांधा पहिल्याचा दोष बराचसा फेडतो. पुढील चाकात ही सोय तितकी सहज नाही. 1948 च्या सिट्रोएन 2सीव्ही या गाडीत प्रारंभी चाकापाशी असाच साधा सांधा होता व तीव्र वळणावर तिचे स्टीअरिंग हिसके देई.

या अडचणीवरील उपाय 1920 नंतरच्या दशकातच निघाले होते. फ्रान्समध्ये पिएर फनाय आणि जाँ-आल्बेर ग्रेग्वार यांचा ‘त्राक्ता’ सांधा 1926 चा. त्याच सुमारास अमेरिकेत फोर्ड कंपनीतील अभियंता आल्फ्रेड झेप्पा याने आपली रचना सिद्ध केली. तीत सहा पोलादी छर्रे एका पिंजऱ्यात बसविलेले असून ते आतील व बाहेरील वाटीच्या खाचांतून सरकतात. दोन दांड्यांतील कोन दुभागणाऱ्या प्रतलातच ते सदैव राहतात. म्हणून दोन्ही दांड्यांची गती क्षणोक्षणी समान राहते. दुसऱ्या महायुद्धातील जीपमध्ये हे दोन्ही प्रकार वापरले गेले, परंतु जीपची पुढील चाके इंजिनाला जोडावयाची ती चिखलात वा चढावर. सामान्य संसारी माणसाच्या दारी झेप्पाचा सांधा आला तो मुख्यतः 1959 च्या ब्रिटिश ‘मिनी’ या गाडीपासून.

आपल्याकडील रस्त्यांवर तो रुजला मारुती 800 बरोबर, म्हणजे डिसेंबर 1983 नंतर. त्याच कारखान्याची व्हॅन मात्र मागील चाकांवर चाले. तेव्हा एकाच गॅरेजात, एकाच छापाच्या दोन गाड्यांपैकी एक वळणावर टकटके आणि दुसरी टकटकू शकत नसे, हा भेद कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक बोलका म्हटला पाहिजे.

आता प्रत्यक्ष बिघाडाविषयी. सरळ चालताना छर्रे खाचेच्या जवळजवळ एकाच जागी राहतात. झीज तेथे होते व लहानसा खळगा पडतो. स्टीअरिंग पूर्ण वळवून वेग दिला की प्रत्येक फेऱ्यात छर्रे मागेपुढे सरकतात आणि भाराखाली त्या खळग्याची कड ओलांडतात. तीच ती टकटक. म्हणूनच तिची लय चाकाबरोबर वाढते. गाडी उभी असता स्टीअरिंग फिरविताच ‘कट्’ असा आवाज झाला, तर दोष बहुधा सस्पेन्शनच्या वरच्या बेअरिंगमध्ये किंवा स्टीअरिंगच्या रॅकमध्ये शोधावा. आणि सरळ जाताना वेग देताच ठोका बसला, तर आतील सांध्यात. हा विवेक न करता सांधा बदलून घेतलेले, आणि आवाज जसाच्या तसा घेऊन घरी परतलेले गाडीमालक थोडे नाहीत.

परंतु पोलाद बहुधा आपणहून झिजत नाही. सांध्यावर रबराचे घडीदार आवरण असते. मिस्त्री त्याला बूट म्हणतात. बूट फाटला की फिरण्याच्या जोराने ग्रीस बाहेर फेकले जाते, चाकाच्या आतील अंगाला काळा थर बसतो आणि धूळपाणी आत शिरते. टकटक सुरू होण्यापूर्वी हे दिसले, तर सांधा धुऊन, मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस भरून नवा बूट चढविणे पुरते. टकटक सुरू झाल्यावर नवे ग्रीस केवळ सांत्वन करते; खाचेतील खळगा त्याने भरत नाही, सांधाच बदलावा लागतो. तसाच तो हाकीत राहिल्यास एखाद्या दिवशी मोडतो व इंजिन चालू असूनही गाडी जागची हलत नाही. आमच्या मते झेप्पाच्या कल्पनेइतकेच श्रेय त्या रबराला आहे, जरी शोधांच्या इतिहासात त्याचे नाव क्वचितच आढळते.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये गेली. पुढील चाकांना ओढ देणाऱ्या विजेच्या गाड्या आता आल्या आहेत. त्यांत इंजिन नाही, गिअर बदलणे नाही. तथापि मोटर आणि चाक यांच्यामध्ये दांडा आहेच, त्याच्या टोकाला तोच छऱ्यांचा सांधा आहे, आणि त्यावर तोच रबराचा बूट.