तेलीबागचा रस्ता आणि स्पोर्ट्स सेडान : रोजच्या मोटारीत फेरबदल किती व कोणते

लखनौच्या दक्षिणेला छावणीचा भाग मागे पडला की रायबरेली मार्गावर तेलीबाग ही वस्ती लागते. याच मार्गावर पुढे संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले 'पीजीआय' रुग्णालय आहे. जवळच वृंदावन योजनेची मोठी वसाहत आणि शहराला वळसा घालणारा शहीद पथ आहे. तेलीबागेतून सकाळी निघालेली मोटार आधी गल्लीतील गतिरोधक आणि रुग्णालयाकडे जाणारी गर्दी पार करते आणि थोड्याच वेळात रुंद, वेगवान रस्त्याला लागते. रोज कामावर नेणारी, सुट्टीत कुटुंबाला घेऊन जाणारी आणि तरीही चालवताना आनंद देणारी स्पोर्ट्स सेडान येथे अधिक देखणी व अधिक चपळ करायची असेल, तर या दोन्ही रस्त्यांचा विचार करावा लागतो. पुणे, नागपूर किंवा नाशिकच्या उपनगरांतील परिस्थितीही फारशी वेगळी नाही.

स्पोर्ट्स सेडान म्हणजे चार दारे व स्वतंत्र डिकी असलेली, परंतु इंजिनाची ताकद आणि वळणावरील हाताळणी यांत सामान्य सेडानपेक्षा सरस असलेली मोटार. भारतात हा वर्ग परवडणाऱ्या किमतीत आणण्याचे बरेचसे श्रेय महाराष्ट्रातील कारखान्यांकडे जाते. स्कोडाने २००१ मध्ये तत्कालीन औरंगाबादजवळ शेंद्रा येथे उत्पादन सुरू केले आणि २००४ मध्ये टर्बो इंजिनाची ऑक्टाव्हिया आरएस बाजारात आणली. २०२२ मध्ये स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या पुण्याजवळच्या चाकण येथे तयार होणाऱ्या दोन मोटारी आल्या. त्यांच्या दीड लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची शक्ती १५० अश्वशक्ती व टॉर्क २५० न्यूटन-मीटर आहे. पुढील हिशेबासाठी व्हर्टसचेच उदाहरण घेतले आहे.

टायर : पहिला आणि सर्वांत मोठा फरक

मोटारीचा रस्त्याशी संबंध चार टायरांच्या तळहाताएवढ्या पृष्ठभागातूनच येतो. त्यामुळे हाताळणी सुधारण्यासाठी पहिला खर्च टायरांवर करणे शहाणपणाचे ठरते. प्रत्यक्षात बहुतेक जण आधी मोठी अलॉय व्हील निवडतात आणि टायर त्यांना जुळतील तसे घेतात. हा क्रम उलटा आहे.

व्हर्टसच्या जीटी प्रकाराला २०५/५५ आर १६ या मापाचे टायर येतात. यातील २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ५५ हे कडेच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण आणि १६ हा रिमचा इंचांतील व्यास. या चाकाचा एकूण व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर होतो. रिम १७ इंची करायची असेल, तर २०५/५० आर १७ (सुमारे ६३७ मिलिमीटर) किंवा २१५/४५ आर १७ (सुमारे ६२५ मिलिमीटर) ही मापे मूळ व्यासापासून एक टक्क्याच्या आसपास राहतात. २१५/५० आर १७ मात्र सुमारे ६४७ मिलिमीटर भरते, म्हणजे २.४ टक्के अधिक. व्यास वाढला की वेगदर्शक काटा खऱ्या वेगापेक्षा मागे राहतो आणि चाक वळवताना ते आतील अस्तराला घासण्याची शक्यता निर्माण होते.

माप जुळले म्हणजे काम झाले असे नाही. टायरच्या कडेवर मापानंतर '९१ व्ही' अशासारखी खूण असते. त्यातील आकडा भारक्षमता सांगतो. ९१ म्हणजे प्रत्येक टायरमागे ६१५ किलो, तर ८७ म्हणजे ५४५ किलो. २१५/४५ आर १७ या मापाचे टायर दोन्ही क्षमतांचे मिळतात. स्वस्त म्हणून ८७ क्रमांकाचा घेतला, तर चार टायरांची मिळून क्षमता २८० किलोंनी घटते आणि दुकानात ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. अक्षर वेगमर्यादेचे आहे. एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर. लखनौचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा वेळी हवा कमी असलेला किंवा क्षमतेपेक्षा जास्त ओझे घेतलेला टायर कडेला वारंवार वाकून तापतो आणि द्रुतगती मार्गावर फुटण्याचा धोका वाढतो. लखनौहून आग्र्याकडे ३०२ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग जातो, तर २०२१ पासून पूर्वांचलाकडे जाणारा सुमारे ३४१ किलोमीटरचा मार्गही सुरू आहे. महाराष्ट्रात समृद्धी महामार्गावरील अपघातांनंतर परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायरांची तपासणी हाती घेतली होती, ती याच कारणासाठी.

रिम निवडताना बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास (व्हर्टससाठी ५ बोल्ट, १०० मिलिमीटर), मधल्या छिद्राचे माप (५७.१ मिलिमीटर) आणि ऑफसेट या तीन गोष्टी मूळ चाकाशी जुळाव्या लागतात. पहिल्या पिढीनंतरच्या ऑक्टाव्हियाची रिम दिसायला तशीच असली, तरी तिचे बोल्टवर्तुळ ११२ मिलिमीटरचे असल्याने ती व्हर्टसला सरळ बसत नाही. वजनाकडेही पाहावे. स्प्रिंगच्या खाली असलेले वजन जितके कमी, तितके चाक खड्ड्यातून लवकर सावरते. जड, नक्षीदार, मोठी रिम मोटारीचे रूप वाढवते आणि हाताळणी बिघडवते, असा प्रकार सर्रास आढळतो.

उंची कमी करण्याचा हिशेब

मोटार रस्त्याच्या जवळ आली की ती देखणी दिसते, यात वाद नाही. गुरुत्वमध्य खाली आल्याने वळणावर वजन एका बाजूला कमी झुकते, हेही खरे. परंतु किती खाली, याचे उत्तर गल्लीतील गतिरोधक देतात.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखरूप ओलांडता यावा, ही अपेक्षा होती. व्हर्टसच्या पुढच्या व मागच्या चाकांमध्ये सुमारे २.६५ मीटर अंतर आहे. गतिरोधक याहून रुंद असल्याने मोटार मध्यभागी आली तरी चारही चाके त्याच्याच चढ-उतारावर राहतात. अशा स्थितीत उंचवटा चाकांच्या पातळीपेक्षा जेमतेम ५२ मिलिमीटर वर येतो. रिकाम्या व्हर्टसची जमिनीपासूनची उंची १७९ मिलिमीटर आहे. ४० मिलिमीटरने खाली आणणाऱ्या स्प्रिंगा बसवल्या, तर १३९ उरतात. मानकानुसार बांधलेला गतिरोधक ती मोटार सहज ओलांडेल.

अडचण अशी की गल्लीबोळांतील अनेक गतिरोधक कोणत्याही मानकात बसत नाहीत. डांबराचा किंवा सिमेंटचा अरुंद, उभा बांध घातला की चाके दोन्ही बाजूंना सपाट रस्त्यावर येतात आणि बांधाची पूर्ण उंची मोटारीच्या पोटाखाली शिरते. दहा सेंटिमीटरचा असा बांध ४० मिलिमीटर खाली आणलेल्या रिकाम्या मोटारीखाली ३९ मिलिमीटर सोडतो. मागे तिघे बसले आणि डिकीत सामान भरले की स्प्रिंगा आणखी दबतात व तेवढेही अंतर उरत नाही. इंजिनाखालचे तेलपात्र किंवा सायलेन्सरची नळी घासते. तेलीबागसारख्या ठिकाणी रोज धावणाऱ्या मोटारीची उंची १५ ते २० मिलिमीटरपेक्षा अधिक कमी करणे म्हणूनच व्यवहार्य ठरत नाही.

पैसे वाचवण्यासाठी मूळ स्प्रिंगचे एक-दोन वेटोळे कापण्याची पद्धत अजूनही काही गॅरेजमध्ये चालते. ती धोकादायक आहे. कापलेली स्प्रिंग अधिक ताठ होते, पण शॉक अॅब्झॉर्बर जुन्याच स्प्रिंगला साजेसा राहतो. त्याच्या दांड्याला हालचालीसाठी जागा उरत नाही. मोटार खड्ड्यावरून उसळली की स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटू शकते. उंची कमी करायचीच असेल, तर स्प्रिंग व शॉक अॅब्झॉर्बर एकमेकांना जुळणारा संच म्हणूनच बदलावा. अनेकदा तर काहीच खाली न आणता केवळ झिजलेले शॉक अॅब्झॉर्बर आणि रबरी बुश बदलले तरी पाच-सहा वर्षे वापरलेली मोटार पुन्हा नव्यासारखी वळते.

पुढच्या चाकांना गती मिळणाऱ्या मोटारी वेगात वळताना नाकाने बाहेर सरकतात. मागच्या बाजूला अधिक ताठ अँटी-रोल बार बसवल्यास हा दोष कमी होतो. पण तोच बार पावसात मागची बाजू निसटण्याचा धोका वाढवतो आणि सामान्य चालकाला नाक सरकण्यापेक्षा शेपूट निसटणे सावरायला कितीतरी कठीण जाते. त्यामुळे हा बदल रोजच्या मोटारीत जपूनच करावा.

कोणताही बदल झाला की व्हील अलाइनमेंट पुन्हा करणे आवश्यक असते. मोटार खाली आली की चाकांचा कँबर आणि टो दोन्ही बदलतात. टो थोडा जरी चुकला, तरी टायर रस्त्यावर तिरका घासत राहतो आणि काही हजार किलोमीटरांत त्याची आतली कड गुळगुळीत होते. व्हर्टसला मागे टॉर्शन बीम असल्याने मागच्या चाकांचे कोन अलाइनमेंटच्या यंत्रावर जुळवून घेण्याची सोय जवळजवळ नसते, हेही आधी माहीत असलेले बरे.

ब्रेकबाबत थोडक्यात सांगायचे तर चांगले पॅड आणि दर दोन वर्षांनी बदललेले ब्रेक ऑइल रोजच्या वापरासाठी पुरेसे आहे. इंजिनाची संगणक-प्रणाली बदलून ताकद वाढवण्याचा मोह मात्र आवरावा. दीड लिटर इंजिनासोबत येणाऱ्या सात गतींच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी गिअरपेटीची निर्धारित क्षमताच २५० न्यूटन-मीटर आहे आणि इंजिन कारखान्यातूनच तेवढा टॉर्क देते.

दिवे, काचा आणि आवाज

जानेवारीत लखनौ परिसरात दाट धुके पडते. हॅलोजन दिव्यांच्या आवरणात प्रखर पांढरे एलईडी किंवा एचआयडी बल्ब बसवण्याची हौस तेव्हा महागात पडते. त्या आवरणातील परावर्तक हा हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागेनुसार घडवलेला असतो. प्रकाशाचा उगम थोडा जरी सरकला, तरी झोत विखुरतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि धुक्यात तोच प्रकाश परतून चालकाच्या डोळ्यांवर येतो. पीजीआयकडे रुग्णवाहिका घेऊन येणाऱ्या चालकालाही हाच झोत सोसावा लागतो.

काचांबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये अविषेक गोयंका खटल्यात काळ्या फिल्म लावण्यास मनाई केली. नियमानुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. पुढे काचेसंबंधीच्या नियमात सुधारणा झाली. तिच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ही टक्केवारी पाळणाऱ्या फिल्मला हरकत नसल्याचा निर्णय दिला. उत्तर प्रदेशात तो मार्गदर्शक ठरू शकतो, बंधनकारक नव्हे.

आवाजाच्या बाबतीत लखनौचे नाव विशेष घ्यावे लागते. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने जुलै २०२१ मध्ये बदललेल्या सायलेन्सरमुळे होणाऱ्या ध्वनिप्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली आणि प्रशासनाला कारवाईचे निर्देश दिले. रोख प्रामुख्याने मोटारसायकलींवर होता, पण सायलेन्सरविषयीचा नियम चारचाकीलाही लागू आहे.

कायदा कोठे रेषा आखतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील, असा बदल मालकाला करता येत नाही. वाहनाचे मूळ स्वरूप पालटणारा रचनेतील बदल, अशी 'फेरबदल' या शब्दाची व्याख्या कायद्यातच दिली आहे. केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी ही तरतूद कठोरपणे लागू केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यानुसार अनुमती नसलेल्या प्रत्येक फेरबदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही होऊ शकतात.

याचा अर्थ सर्वच बदल बेकायदा आहेत असा नाही. उत्तम टायर, दर्जेदार पॅड, नवे शॉक अॅब्झॉर्बर किंवा रंगाचे पॉलिश यांनी नोंदणीतील काहीही बदलत नाही. रिमबाबत, त्याच मॉडेलच्या एखाद्या प्रकाराला उत्पादकाने स्वतः दिलेले माप निवडणे सर्वांत निर्धोक असते. रंग मात्र नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला असतो. तो पालटायचा असेल, तर आधी परिवहन कार्यालयाकडे जावे लागते.

विमा हा याहून नाजूक विषय आहे. महागड्या रिम किंवा ध्वनियंत्रणा बसवून विमा कंपनीला न कळवल्यास त्यांची भरपाई मिळत नाही. निलंबनात किंवा इंजिनात केलेला अघोषित बदल अपघातानंतर उघडकीस आला, तर स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा दावाही वादात सापडू शकतो. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला आणि राज्यांमध्ये उत्तर प्रदेशातील मृत्यूंची संख्या सर्वाधिक होती.

काढलेले मूळ सुटे भाग विकून टाकू नयेत, असा सल्ला जाणकार देतात. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर नूतनीकरणासाठी वाहन तपासणीला न्यावे लागते. जुन्या स्प्रिंगा, मूळ रिम आणि सायलेन्सर घरात असतील, तर त्या वेळी अथवा मोटार विकताना ती एका दिवसात पूर्ववत करता येते.