डोंगर जवळ आल्याचा आवाज

७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. सिडनीहून निघालेले हे विमान बँकॉकवरून मुंबईला येत होते. त्यातील ९४ जणांपैकी एकही वाचला नाही. चौकशीचा निष्कर्ष असा होता की, आपण मुंबईच्या अगदी जवळ आलो आहोत असा वैमानिकाचा समज झाला आणि त्याने वेळेआधीच विमान खाली आणले.

शिराळ्यात राहणाऱ्याला हे फार समजावून सांगावे लागत नाही. जुलैमध्ये चांदोलीच्या बाजूची सह्याद्रीची रांग दिवसाढवळ्या ढगांत दिसेनाशी होते. रात्रीची तर गोष्टच नको. जुन्नर आमच्यापासून दूर, पण सह्याद्री तोच आणि पाऊसही तोच. म्हणूनच मी या विषयाच्या मागे लागलो. अशा अंधारात डोंगर जवळ आल्याचे वैमानिकाला कळते तरी कसे?

त्या काळी त्याचा मुख्य आधार म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक. तो समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. साडेतीन हजार फुटांवरचे विमान मुंबईच्या किनाऱ्यावर निर्धास्त असते. जुन्नरच्या डोंगरांत तीच उंची जिवावर बेतते. काटा मात्र दोन्हीकडे एकच आकडा दाखवतो. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळून डॉ. होमी भाभा यांच्यासह ११७ जण गेले, त्यामागेही जागेचा चुकलेला अंदाजच होता.

कॅनडात जन्मलेले अभियंते डॉन बेटमन यांनी उपाय शोधला तो रेडिओ उंचीमापकाच्या आधाराने. विमानाच्या पोटाखालून निघालेल्या लहरी जमिनीवरून परत येतात आणि सुमारे अडीच हजार फुटांपर्यंतचे खरे अंतर कळते. ते अंतर भलत्याच वेगाने घटू लागले, की यंत्र मोठ्याने बोलते. १ डिसेंबर १९७४ रोजी व्हर्जिनियातील डोंगरावर टीडब्ल्यूएचे विमान आदळून ९२ जण मेले, त्यानंतर अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांना हे यंत्र सक्तीचे केले.

त्यात एक उणीव होती. यंत्र फक्त खाली पाहायचे. कोकणातून सरळ उठलेल्या कड्यासारखा डोंगर समोर असेल, तर इशारा उशिरा मिळणार. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातील कालीजवळ तसेच झाले. वैमानिकांनी आवाज ऐकताच विमान वर खेचले, पण पंखांवरचे वेगरोधक उघडेच राहिले होते. १५९ जण गेले. पुढच्या पिढीच्या यंत्रात उपग्रहावरून मिळणारे स्थान आणि जगभरच्या डोंगरांचा नकाशा यांची जोड दिली गेली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर बेटमन यांनी तिथले लष्करी नकाशेही त्यासाठी मिळवले. आता धोका साधारण मिनिटभर आधी कळतो.

आवाज दोन पातळ्यांवर येतो. पहिली सूचना पिवळ्या दिव्याची: मार्ग आणि उतरण्याचा वेग तपासा, दुरुस्त करा. दुसरी लाल, ‘पुल अप’. ती आली की चर्चा बंद. स्वयंचलित उड्डाण तोडायचे, पंख समतल करायचे, इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा, नाक वर उचलायचे, वेगरोधक मिटलेले आहेत ना ते पाहायचे. सुरक्षित उंची येईपर्यंत चाके आणि फ्लॅप्स यांना हात लावायचा नाही. स्वच्छ दिवसाउजेडी समोर काहीच नसल्याची डोळ्यांनी खात्री पटली, तरच अपवाद. सुरुवातीची यंत्रे अनेकदा विनाकारण ओरडत, त्यामुळे वैमानिकांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. तो बसायला वर्षे लागली. सरावयंत्रात हीच कृती पुन्हा पुन्हा घोटून घेतली जाते, ती त्यासाठीच.

२२ मे २०१० रोजी मंगळूरला विमान धावपट्टीच्या मानाने फार उंचावरून आणि वेगाने खाली येत होते. यंत्र वारंवार इशारे देत होते, सहवैमानिकानेही पुन्हा वर चला म्हणून सांगितले. मुख्य वैमानिकाने ऐकले नाही. १५८ जण मृत्युमुखी पडले. १९६२ साली जुन्नरवर सांगणारे कोणी नव्हते. मंगळूरला यंत्र आणि माणूस दोघेही सांगत होते.

पूर्वेकडून मुंबईला उतरणाऱ्या विमानाच्या पडद्यावर आज जुन्नरचे डोंगर रंगांत उमटू शकतात. ते पाहून वेळेवर हात हलवणे मात्र अजूनही माणसाकडेच आहे.