पाठीची चेताजन्य खाज

खवाटा आणि पाठकणा यांच्या मधल्या पट्ट्यात, बहुधा एकाच बाजूला, महिनोन्महिने किंवा वर्षानुवर्षे टिकणारी खाज. वैद्यकीय नाव नोटाल्जिया पॅरेस्थेटिका. रशियन चेतातज्ज्ञ अस्तव्हात्सातुरोव्ह यांनी १९३४ मध्ये तिचे वर्णन केले. मध्यमवयीन स्त्रियांत ती अधिक आढळते.

खाज कातडीवर जाणवते, पण दोष चेतेत असतो. छातीच्या दुसऱ्या ते सहाव्या मणक्यांच्या पातळीवरील चेतांच्या मागील शाखा पाठीच्या स्नायूंतून जवळजवळ काटकोनात वर येतात. तिथे त्या दाबल्या जात असाव्यात, असे मानतात. काही रुग्णांत मणक्यांची झीज दिसते, सर्वांत नाही. खाजेसोबत मुंग्या, आग, क्वचित बधिरपणा असतो. सुरुवातीला कातडी स्वच्छ असते. तपकिरी डाग मागाहून, खाजवून खाजवून उमटतो. हात पोहोचत नाही तिथे फणी, फुटपट्टी, नाहीतर दाराची चौकट कामी येते आणि डाग गडद होत जातो.

कोकणातल्या चिपळुणासारख्या गावी वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पावसाळ्यात कपडे दिवसचे दिवस ओलसर राहतात, नायटा नेहमीचाच. त्यामुळे पाठीचा हा डागही नायटाच समजून औषधाच्या दुकानातले स्टेरॉइडमिश्रित मलम चोळले जाणे साहजिक. त्याने कातडी पातळ होते, आणि नायटा खरोखरच असेल तर तो उलट पसरतो. नायट्याची कड उठलेली, खवलेदार असते आणि तो वाढत जातो; चेताजन्य डागाला तशी कड नसते. शंका राहिल्यास कातडीचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. बधिर डाग दिसला की कुष्ठरोग नाही ना, हेही पाहावेच लागते. त्याचा डाग सहसा खाजत नाही.

हिस्टामिनविरोधी गोळ्यांचा इथे फारसा उपयोग नसतो, कारण ही खाज हिस्टामिनची नव्हे. मिरचीतील कॅप्सायसिनचे मलम नियमित लावल्यास खाजेच्या चेता मंदावतात; पहिले काही दिवस चांगलीच आग होते, म्हणून अनेकजण ते अर्ध्यावर सोडतात. लिडोकेनची पट्टी, गॅबापेंटिन वा प्रेगाबालिन, खांदा-पाठीचे व्यायाम यांनी काहींना आराम पडतो. डिफेलिकेफालिनच्या गोळीने २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खाज माफक कमी झाली, पण चाचण्यांच्या पुढच्या टप्प्यात हा फायदा टिकला नाही. कायमचा इलाज अद्याप नाही. हातापायांत अशक्तपणा किंवा लघवीवर ताबा न राहणे ही लक्षणे या खाजेची नव्हेत. ती दिसल्यास पाठीच्या कण्याचा एमआरआय लांबवू नये.